तांड्यावरच्या पहिलीत कोणती भाषा चालवायची?

पत्र: मी मूळची परभणीची. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन कंधार तालुक्यातल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत आले. पहिली ते चौथी, आम्ही दोघंच. माझ्याकडं पहिली-दुसरी, ३१ लेकरं. सहा-सात मराठी घरची, दोन भावंडं वडार वस्तीवरची, बाकी सगळी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा बोलणारी. मला गोरमाटी येत नाही. मैदानावर ही लेकरं कान किटवतात आणि वर्गात तोंड उघडत नाहीत. सहकारी गुरुजी बऱ्याच वर्षांपासून इथंच आहेत. त्यांच्या वर्गात गोरमाटी बोललं की रुपया दंड आहे, मीही लावावा म्हणतात, ‘दिवाळीपर्यंत सुतासारखी सरळ होतील.’ केंद्रप्रमुख वाचनाचा वेग विचारतात. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणतात, पहिलीपासून सेमी करा, म्हणजे गणित इंग्रजीतून, नाहीतर आम्ही पोरं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो. मी कोणत्या भाषेत शिकवू? आणि हे ठरवायचा मला अधिकार तरी आहे का?
– एक शिक्षिका, जि. नांदेड

ताई,

शेवटचा प्रश्न सगळ्यांत सोपा आहे, म्हणून तो आधी. अधिकार आहे. तुमच्या एकटीचा नाही, शाळेचा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २२ नं शाळा विकास आराखडा करायचं काम शाळा व्यवस्थापन समितीवर टाकलंय. आपल्याकडं या आराखड्यात काय असतं ते तुम्हालाही ठाऊक आहे: संरक्षक भिंत, पाण्याची टाकी, गळके पत्रे. पण वर्गात कोणत्या तासाला कोणती भाषा चालेल हे त्यात लिहायला कुणी मनाई केलेली नाही. त्याच कायद्याचं कलम २९ म्हणतं की शिकवण्याचं माध्यम शक्य असेल तिथवर मुलाची मातृभाषा असावी. राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं अनुच्छेद ३५०-क आला. तो भाषक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकायची सोय करण्याचा प्रयत्न राज्यानं करावा असं सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत घरची भाषा आहे, तीही ‘जिथे शक्य असेल तिथे’. कलमं भरपूर, आणि प्रत्येकात शक्य-अशक्याची पळवाट. तांड्यावरच्या शाळा आजवर बहुतेक त्या पळवाटेतच राहिल्या.

तुमच्या शाळेचं कागदावरचं माध्यम मराठी आहे आणि मराठीच राहील. पुस्तकं मराठी, परीक्षा मराठी. त्याला हात लावायचा नाही. ठरवायचं एवढंच, की लेकरू मराठीपर्यंत पोचवायचं कसं आणि तोवर वर्गात गोरमाटीला किती वेळ द्यायचा. मुलाला समजेल अशा भाषेत समजावून सांगायला वरची मंजुरी लागत नाही.

आता तो रुपया. तुम्ही लावू नकाच, आणि गुरुजींच्या वर्गातलाही बंद व्हायला हवा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं, आणि घरच्या भाषेत बोलल्याबद्दल लहान लेकराकडून पैसे घेणं हा छळच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण गुरुजींना कलम दाखवू नका. दोन शिक्षकी शाळेत एकानं दुसऱ्याला कायदा दाखवला की वर्षभराचा अबोला ठरलेला. त्यापेक्षा त्यांच्या आजोबांची शाळा कशी होती ते विचारा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून, १९१८ साली हैदराबादेत निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतून. घरी मराठी बोलणारी पोरं शाळेत इतिहास आणि भूमिती उर्दूत घोकायची. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली, स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायचे. अशा शाळांनी मराठी पोरांना त्यांची भाषा परत दिली. दर मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन झालं की आपण हे भाषणात सांगतो. (दोष उर्दूचा नव्हता. घरची भाषा वर्गाबाहेर काढायच्या धोरणाचा होता.) ज्या मुलखाच्या आज्यापणज्यांनी हे सोसलं, तिथला शिक्षक तांड्यावर रुपया मागतो हे गुरुजींना तुम्ही सांगायची गरज पडणार नाही. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच जाणवेल. नाही जाणवलं तर कलम १७ आहेच.

दुसरं असं, की इतकी वर्षं तांड्यावर काढलेल्या माणसाला गोरमाटी कळत नाही असं होत नाही. गुरुजींना ती तुमच्यापेक्षा नक्कीच जास्त येते. तुमच्या योजनेत त्यांना हे मोठेपण द्या.

लेकरं वर्गात गप्प का, याचं कारण तुम्हाला माहीत आहे. पण पुढचा धोका वेगळा आहे आणि तो कमी जणांच्या लक्षात येतो. गोरमाटी राजस्थानी वळणाची, मराठीच्या नात्यातलीच भाषा. पाणी, घर, हात, कान असे कितीतरी शब्द सारखे. त्यामुळं दिवाळीपर्यंत लेकरू खरंच ‘मॅडम, पाणी प्यायला जाऊ?’ म्हणायला लागतं. गुरुजींना वाटतं दंडाचा गुण आला, तुम्हाला वाटतं मराठी आली. दोन्ही खोटं. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकानं १९७९ पासून मांडलेला फरक इथं कामाचा आहे. खेळण्या-बोलण्यापुरती दुसरी भाषा साधारण दोन वर्षांत येते. त्या भाषेतलं पुस्तक वाचून समजणं, कारण सांगणं, दोन गोष्टींची तुलना करणं याला पाच ते सात वर्षं लागतात. तुमची शाळा चौथीला संपते. म्हणजे लेकराला पुस्तकी मराठी जेमतेम कळायला लागायच्या आतच ते तुमच्या हातून निघून पुढच्या शाळेत ‘कच्चं’ म्हणून दाखल होतं.

व्याकरणातही एक जागा आहे, तिथं लेकरांना फुकटचं ऐकून घ्यावं लागतं. गोरमाटीत लिंगं दोनच आहेत. मराठीचं नपुंसकलिंग त्यांना घरी कधी भेटलेलंच नसतं. म्हणून ‘झाड मोठा आहे’, ‘माझा पुस्तक’ असं येतं. दखनी-उर्दू बोलणाऱ्या घरांतल्या मुलांचंही असंच होतं. हा आळस नव्हे आणि लाल शाईनं तो जाणारही नाही. ते झाड, ते पान, ते घर, ते मांजर अशी गाणी-खेळ करत कानावरून जाऊ द्या. महिनोन्महिने लागतील.

योजनेकडं येते. सुरुवात एका वहीनं करा. प्रत्येक लेकराच्या नावापुढं चार गोष्टी: आजीशी कोणत्या भाषेत बोलतं, घरात मराठी कुणाला वाचता येते, अंगणवाडीत गेलं होतं का, आणि आई-बाप ऊसतोडीला जातात का. तांड्यावर दोन संध्याकाळी फिरलात की ही वही होते. त्या फेरीत तुम्ही ‘तारो नाम कांई?’ एवढं विचारायला शिकलात तरी खूप झालं. उच्चार चुकेल आणि लेकरं हसून दुरुस्त करतील. त्यांना मॅडमची चूक काढायला मिळणं ही पहिल्या महिन्यातली चांगली कमाई आहे.

मग वेळापत्रक. पहिलीला सकाळचा पहिला तास पूर्ण गोरमाटीत: चित्रावर बोलणं, गोष्ट ऐकणं, काल तांड्यावर काय झालं ते सांगणं. हा तास तुम्ही घेऊ शकत नाही. त्यासाठी तांड्यावरचंच माणूस हवं. बारावी झालेली एखादी पोरगी, एखादी सून, अंगणवाडीतल्या मदतनीस. मला लोक विचारतात की गोरमाटीत पाठ्यपुस्तकं कधी येणार. पुस्तकं यायला हवीतच. ओडिशानं २००६-०७ च्या सुमाराला दहा आदिवासी भाषांपासून असा बहुभाषिक कार्यक्रम सुरू केला, तो आपल्यालाही जमायला हरकत नव्हती. पण वर्गात ती भाषा बोलणारं मोठं माणूस नसेल तर पुस्तक कपाटात पडून राहतं. माणूस असेल तर पुस्तक त्यांच्याकडून करून घेता येतं. म्हणून आधी माणसाच्या मागं लागा. मानधनाचं ग्रामपंचायतीकडं आणि समितीत बोलून बघा, पण मुलीला कायम होण्याची आशा लावू नका. आपल्याकडं अशा आशेवर खूप जणींची वर्षं गेलीत.

वाचन-लेखन पहिल्यापासून दोन्ही भाषांचं एकत्र करा. तुमच्याकडं त्याची मोठी सोय आहे: लिपी एकच. तेलंगणात गोरमाटी तेलुगू अक्षरांत लिहितात, कर्नाटकात कन्नड अक्षरांत, आपल्याकडं देवनागरीत. ‘याडी’ वाचताना शिकलेलं ‘य’ आणि ‘ड’ पुढं मराठीत जसंच्या तसं चालतं. पहिल्या महिन्यात याडी, बाटी, छोरी, पाणी. शेजारी आई, भाकरी, मुलगी, पाणी. फळ्याच्या दोन बाजू. गोरमाटीचं शुद्धलेखन ठरलेलं नाही म्हणून कुणी वाद घालेल. तुमच्या तांड्यावर जसं बोलतात तसं लिहा आणि पुढं चला. होळीची लेंगी गाणी आहेत, तीजेची गाणी आहेत, म्हाताऱ्यांकडं गोष्टींचा साठा आहे. ती मुलगी लिहील, लेकरं चित्रं काढतील, कार्डशीटची पानं दोऱ्यानं शिवा. वर्षभरात वर्गाचं छोटं कपाट भरतं.

मराठीचा तास रोज स्वतंत्र ठेवा, आणि मराठी लेकरांना येतच नाही असं धरून तो घ्या. कृती, चित्र, वस्तू, छोटी वाक्यं, आधी भरपूर ऐकणं. त्या तासाला एक पथ्य कटाक्षानं पाळा: प्रत्येक वाक्याचं लगेच गोरमाटीत भाषांतर नको. तसं केलं की लेकरं मराठी ऐकायचीच बंद होतात, पुढं आपल्या भाषेत येणारच आहे म्हणून वाट बघत बसतात. त्याऐवजी धडा कशाबद्दल आहे हे आधी पाच मिनिटं गोरमाटीत बोलून घ्या, धडा मराठीत होऊ द्या, मग त्यावर चर्चा पुन्हा गोरमाटीत. गणिताची कल्पना गोरमाटीत, संज्ञा मराठीत. दुसरीत गोरमाटीचा वाटा अर्ध्यावर आणा, तिसरी-चौथीत अवघड जागा सोडवण्यापुरता. तो भाग गुरुजींचा.

तुमच्या वर्गातल्या मराठी घरच्या सहा-सात लेकरांचे पालक कुरकुरतील. त्यांना सांगा की मराठीच्या तासाला जोडीला बसायला तुमच्याच लेकरांची गरज आहे, आणि शेजारच्याची भाषा कानावर पडल्यानं कुणाचं काही कमी होत नाही. तुमचीही मुलं ‘कामून’ आणि ‘जायलालो’ म्हणतच शाळेत येतात, पुस्तकातली मराठी त्यांनाही शिकावीच लागते.

वडाराच्या दोन भावंडांची मला जास्त काळजी आहे. त्यांच्या घरची बोली तेलुगूच्या जवळची. गोरमाटीचा तास सुरू झाला की तीही त्यांच्यासाठी परकीच, म्हणजे पहिली भाषा अजून दूर. असं आपल्या भागात जागोजाग होणार आहे. किनवट-माहूरकडं गोंडी नि कोलामी, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीर-निलंग्याकडं कन्नड. एका वर्गात एकच घरची भाषा असेल असं धरून चालताच येत नाही. या दोघांना त्या तासाला एकत्र बसवा, सगळे भावंडांना वेगळं बसवतात तसं नको. आठवड्यातून एकदा त्यांच्या आईला किंवा मावशीला बोलवा आणि पूर्ण वर्गाला त्यांच्या बोलीतले दहा शब्द शिकवायला सांगा. चित्रांच्या तक्त्यावर तिसरा रकाना त्यांचा. हे पुरेसं नाही, मला माहीत आहे. दोन मुलांसाठी वेगळा शिक्षक मिळणार नाही हेही खरं आहे.

आता अध्यक्ष आणि त्यांची सेमी. त्यांच्यापुढं मातृभाषेचा अभिमान वगैरे काढू नका. ज्या बापानं आयुष्य कोयत्यावर काढलं, त्याला इंग्रजीत नोकरी दिसते आणि त्यात त्याचं चुकत नाही. उलट ‘तुमच्या भाषेत शिकवू’ म्हटलं की त्याला वाटतं, स्वतःची पोरं कॉन्व्हेंटात घालणारे आपल्या पोरांना मागं ठेवायला निघालेत. हा संशय हवेतून आलेला नाही. तेव्हा सरळ बोला. इंग्रजी तुमच्या शाळेत पहिलीपासून आहेच, २००० सालापासून राज्यभर आहे. ती रोज, तोंडी, नीट शिकवायचं वचन द्या आणि पाळा. प्रश्न आहे तो गणित इंग्रजीतून शिकवण्याचा. ज्या लेकराला बेरीज मराठीत समजायला कष्ट पडतात, त्याला ती इंग्रजीत सांगितली तर इंग्रजीही येत नाही आणि बेरीजही. नायजेरियात इफे इथं १९७० साली एक प्रयोग झाला. काही मुलांना सहा वर्षं सगळं योरुबा या घरच्या भाषेतून शिकवलं आणि इंग्रजी हा फक्त विषय ठेवला, पण तो चांगल्या शिक्षकांकडून. ही मुलं नंतर इतरांपेक्षा मागं पडली नाहीत, इंग्रजीतसुद्धा नाही. नायजेरियाचं नाव अध्यक्षांना सांगितलं नाहीत तरी चालेल. त्यांच्याच दुसरीतल्या पोरीला मराठी धडा वाचायला लावा, मग पुस्तक मिटून ‘काय झालं गोष्टीत?’ असं विचारा. पोरगी घडाघड वाचेल आणि अर्थ विचारल्यावर गप्प बसेल. बापाला तेवढं पुरतं.

हाच प्रयोग केंद्रप्रमुखांसाठीही. २०२१ पासूनच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. तपासणीच्या घाईत ‘समजून’ गळतं आणि आकडा उरतो. देवनागरी सरळ लिपी आहे, बाराखडी पक्की झाली की अर्थ न कळताही धाडधाड वाचता येतं, त्यामुळं आकडा सगळ्यांना फसवतो. तुम्ही नोंदवहीत दोन रकाने करा: वाचनाचा वेग, आणि वाचलेलं लेकरानं आपल्या भाषेत सांगितलं का. तुम्हाला ते कळलं नाही तर दुसरं लेकरू मराठीत सांगेल, त्याचाही सराव होतो. केंद्रप्रमुख आले की दोन्ही रकाने पुढं ठेवा.

जाता जाता एक. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी (म्हणजे आपली गोरमाटीच) ही मातृभाषा सांगणारे देशात ३२ लाखांवर होते, आणि ते सगळे हिंदीच्या खाती जमा आहेत. म्हणजे कागदावर तुमची लेकरं हिंदी भाषक! २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, बदलला आणि २९ जूनला मागं घेतल्याचं जाहीर झालं. तिसरी भाषा केव्हा, यावर एवढा धुरळा उडाला. तांड्यावरच्या लेकराला मात्र पहिलीच्या पहिल्या दिवसापासूनच तीन भाषा आहेत: गोरमाटी, मराठी, इंग्रजी. हे त्या वादात फारसं कुणाच्या तोंडी आलं नाही.

ऊसतोडीचं तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण कंधारकडचा तांडा म्हणजे तो विषय असणारच. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कारखाना कर्नाटकात असेल तर तिथली शाळा कन्नड. तुमच्या वहीतला चौथा रकाना यासाठीच. जाणाऱ्या लेकरांचं खरं वर्ष जून ते ऑक्टोबर एवढंच, म्हणून अक्षरओळखीचं काम त्यांच्यासोबत पुढं ओढा. जाताना शिवलेल्या पुस्तकांतली दोन-तीन आणि बापाच्या फोनमध्ये दहा-बारा ध्वनिमुद्रित गोष्टी द्या. घरची भाषा असल्यानं फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, संध्याकाळी त्या आई-बापही ऐकतील. आजी-आजोबांकडं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत टाका, मंजुरीला उशीर होतो.

तुमची बदली एक दिवस होणारच. म्हणून हे सगळं तुमच्या डोक्यात न राहता दोन पानांत विकास आराखड्याला जोडलं गेलं पाहिजे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘वर्गातील भाषा नियोजन’ असा विषय घाला. बैठक शाळेत दुपारी नको, तांड्यावर संध्याकाळी घ्या, तांड्याच्या प्रमुखाला, म्हणजे नायकांना, आधी भेटून. समितीत निम्म्या महिला असाव्यात असा कायदाच आहे, आणि दिवसा त्या कामावर असतात. त्या बोलायला लागल्या की बैठक आपोआप गोरमाटीत जाईल, तेव्हा इतिवृत्त लिहायला त्या बारावी झालेल्या मुलीलाच बसवा.